विलिसचं कडं

पोटातल्या गाठीनं दगावलेल्या एका माणसाचं शव थॉमस विलिसपुढे होतं. मृत्यूचं कारण पोटात होतं, तरी विलिसनं डोकंही उघडलं. मानेतून मेंदूकडे जाणारी उजवी कॅरोटिड धमनी आतून जवळजवळ बुजली होती, दगडासारखी कडक झाली होती. अशा माणसाला पक्षाघाताचा झटका यायला हवा होता. तो आलाच नव्हता. त्याच बाजूची, मणक्यांच्या आधारानं वर जाणारी दुसरी धमनी मात्र पलीकडच्या धमनीच्या तिप्पट मोठी झाली होती.

विलिस जन्मला १६२१ मध्ये, इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यात. ऑक्सफर्डला शिकत असताना यादवी युद्ध पेटलं आणि तो राजाच्या बाजूनं लढला. १६४६ मध्ये वैद्यकाची पदवी मिळाली, त्यात अभ्यासापेक्षा राजनिष्ठेचा वाटा मोठा. सुरुवातीची वर्षं आसपासच्या गावांच्या बाजारात रुग्णांची लघवी पाहून निदान करण्यात गेली. मधुमेहींची लघवी गोड असते, हे त्यानं पुढे नोंदवलं. आपल्या वैद्यांनी रोगाचं नावच त्यावरून कितीतरी शतकं आधी ठेवलं होतं, हा भाग वेगळा.

१६५० मध्ये फाशी दिलेल्या ॲन ग्रीन या मोलकरणीचं शव विच्छेदनासाठी आणलं गेलं. पेटी उघडली तर तिचा श्वास चालू! विल्यम पेटी आणि विलिस यांनी तिला वाचवलं, आणि दोघांचं नाव झालं.

१६६० मध्ये तो ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला. आता मेंदू हाच त्याचा ध्यास होता. तोवर मेंदूचे वरून काप घेत जायची पद्धत होती. विलिस अख्खा मेंदू कवटीतून सोडवून उलटा करी, त्यामुळे तळाच्या धमन्या शाबूत दिसत. चार धमन्या वर येतात, दोन पुढून, दोन मागून, आणि बारीक जोडवाहिन्यांनी एकमेकींना मिळून एक कडं तयार करतात. त्यानं एका बाजूच्या कॅरोटिडमध्ये रंगीत द्रव सोडला, तो दुसऱ्या बाजूलाही पोहोचला. एक वाट बंद पडली तर रक्ताला वळसा घेता यावा, म्हणून हे कडं, असा अर्थ त्यानं लावला. १६५८ मध्ये स्वित्झर्लंडच्या वेप्फरनंही या वाहिन्यांचं वर्णन केलं होतं. पण ते कशासाठी, हे विलिसनं प्रयोग आणि रुग्ण दोन्ही समोर ठेवून सांगितलं. १६६४ च्या त्याच्या ग्रंथात चित्रं काढली ख्रिस्तोफर रेननं, म्हणजे पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल उभारणाऱ्या वास्तुविशारदानं. विच्छेदनात रिचर्ड लोअरचा मोठा हात होता.

१६६७ मध्ये विलिस लंडनला गेला, तिथे त्याचा व्यवसाय जोरात चालला. १६७५ मध्ये फुप्फुसाच्या आजारानं तो वारला. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याला पुरलं.

त्याचं कडं सगळ्यांत सारखं नसतं, हे प्रयोगशाळेतल्या प्राण्यांनी ठळकपणे दाखवलं. जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यात पुढच्या आणि मागच्या धमन्या जोडणाऱ्या वाहिन्या बहुधा नसतातच. त्यामुळे मानेतली धमनी बांधली की त्याच्या मेंदूचं नुकसान होतं. संशोधनात सर्रास वापरल्या जाणाऱ्या सी५७ब्लॅक/६ जातीच्या काळ्या उंदरांतही त्या अनेकदा बारीक किंवा गायब असतात. म्हणून दोन्ही कॅरोटिड बंद केल्या तर त्यांचा मेंदू लवकर होरपळतो. पण मेंदूच्या पृष्ठभागावरच्या जोडवाहिन्या याच काळ्या उंदरांत भरपूर, तर बाल्ब/सी या पांढऱ्या जातीत अगदी मोजक्या. त्यामुळे मेंदूतली मधली धमनी बंद केली, तर पांढऱ्यांचं नुकसान जास्त. स्ट्रोकवरचं औषध तपासताना हे लक्षात घेतलं नाही, तर फरक औषधानं पडला की वाहिन्यांनी, हे सांगता येत नाही.

माणसांतही हे कडं अनेकांत अपुरं असतं. कॅरोटिडमधला अडथळा काढताना सर्जनला ती धमनी काही वेळ चिमट्यानं बंद ठेवावी लागते. त्या वेळात मेंदूला रक्त पुरेल की नाही, हे बरंचसं या कड्यावर ठरतं. पुरत नसेल, तर तात्पुरती नळी घालून रक्त पुढे न्यावं लागतं.