वाचून दाखवणारे



आजचं चिंतन: गीता, अध्याय १०, श्लोक ९. भक्त एकमेकांना देवाबद्दल सांगतात, समजावतात आणि त्यातच रमतात, असं भगवंत इथे म्हणतात. हे वाचताना मला गुलाबराव महाराज आठवले.

त्यांचा जन्म ६ जुलै १८८१ चा, अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीचा. वर्षाचे व्हायच्या आतच डोळे गेले. आईही लहानपणीच गेली. ज्ञानाची भूक मोठी, पण पोथी उघडली तरी त्यांच्यासाठी ती बंदच! मग कुणीतरी शेजारी बसून वाचायचं, महाराज ऐकायचे आणि ऐकलेलं लक्षात ठेवायचे. पुढे ते सांगत गेले, इतरांनी लिहून घेतलं. असे १३० च्या वर ग्रंथ झाले. वेदान्त, भक्ती, आयुर्वेद, संगीत, इतकंच काय, डार्विन आणि स्पेन्सरच्या मतांचाही विचार त्यांनी केला. १९०१ साली त्यांना माउलींचा अनुग्रह झाला. स्वतःला ते ज्ञानेश्वरकन्या म्हणवत. २० सप्टेंबर १९१५ ला पुण्यात त्यांनी देह ठेवला. वय अवघं ३४. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात.

त्यांच्या बुद्धीपुढे आपण हात जोडतोच. पण त्यांना वाचून दाखवणारे कोण होते, हे कितीजणांना ठाऊक असतं?

मला हे का भिडतं, ते सांगतो. माझी नजर जन्मापासून अधू. मोबाइलवर अक्षर मोठं करता येतं, पोथीचं कसं करणार? पारायणात मी सगळ्यांबरोबर नुसती पानं उलटायचो, ओठ हलवायचो. कुणाला कळू नये म्हणून. गेल्या वर्षी शेजारी बसलेल्या आजींना ते कळलं. त्यांनी काही विचारलं नाही. जवळ सरकल्या आणि मला ऐकू येईल असं सावकाश वाचू लागल्या. पहिल्या दिवशी मला रागच आला. तिसऱ्या दिवशी पानं उलटायचं नाटक सुटलं. सात दिवसांत पहिल्यांदाच ज्ञानेश्वरी मनापासून ऐकली.

समाप्तीला आजींच्या पाया पडलो. तर त्या म्हणाल्या, इतकी वर्षं भराभर वाचत होते, तुझ्यामुळे यंदा नीट वाचून झालं. श्लोकातलं ‘एकमेकांना’ मला तेव्हा समजलं.

आज कुणाला तरी एक पान वाचून दाखवा. आणि आपल्यासाठी कुणी वाचत असेल, तर लाजू नका. ऐका.

राम कृष्ण हरी!