फुकटचा गहू आणि विकतचा नांगर

शेतकरी बंधूंनो, आणि गावचा कारभार वाहणाऱ्या सरपंच, ग्रामसेवक मंडळींनो, विहिरीवरच्या इंजिनावर नाहीतर पंपावर तुम्ही किर्लोस्कर हे नाव शेकडो वेळा वाचलं असेल. पण या नावाचा मूळ पुरुष इंजिनवाला नव्हता, नांगरवाला होता. गावात एखादी योजना आली, परदेशी पैसा आला, कंपनी आली, की हे घ्यावं का आणि कसं घ्यावं, असा प्रश्न पडतो. तेव्हा या माणसाची हकीकत आठवावी, म्हणून ती इथे सांगतो.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर इथला. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये दाखल झाले. पण काही रंग त्यांच्या डोळ्यांना नीट ओळखू येत नाहीत असं निघालं. रंग सुटले तसे ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. पुढे हक्काची बढती डावलून ती दुसऱ्याला दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावला भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलींचं दुकान चालवायला घेतलं.

दुकानाबरोबर छोटा कारखाना सुरू झाला. पहिला माल होता कडबा कापायचं यंत्र. मग परदेशातून येणारे लोखंडी नांगर त्यांनी निरखून पाहिले आणि आपल्या बैलांना, आपल्या मातीला चालेल असा नांगर घडवला. आता बघा गंमत. नांगर तयार झाला, पण घ्यायला कोणी तयार नाही! लोखंड जमिनीत घातलं की जमीन विषारी होते, अशी लोकांची समजूत. पहिला नांगर विकायला तब्बल दोन वर्षं लागली.

इथे जरा थांबा. हाच नांगर सरकारी योजनेतून फुकट वाटला असता तर? शेतकऱ्यानं तो घेतला असता, गोठ्याच्या कोपऱ्यात टाकला असता आणि कागदावर वाटप पूर्ण झालं असतं. लक्ष्मणरावांना ती सोय नव्हती. गिऱ्हाईकाला पटल्याशिवाय चूल पेटणार नाही, अशी गाठ. त्यामुळे नांगर शेतात चालवून दाखवणं, तक्रार ऐकणं आणि माल सुधारणं हे त्यांना करावंच लागलं. एकदा हरळी-कुंद्याची जमीन उलथून पडताना शेजाऱ्यानं पाहिली, की मग जाहिरातीची गरज उरत नव्हती.

पण धंदा एकट्याच्या जिवावर उभा राहत नाही, हेही खरं. बेळगावला नगरपालिकेनं वाढत्या वस्तीसाठी कारखान्याची जागा घेतली. त्या वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळ ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. ही मदतच होती. पण कशी? जमीन निवडुंगाची, सापांची, पाण्याची वानवा असलेली, आणि पैसा परत करायचा. राजानं भाकरी दिली नाही, चूल मांडायला जागा दिली. १९१० साली पंचवीसेक कामगारांच्या कुटुंबांनी ते रान साफ केलं आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे स्टेशनालाही तेच नाव मिळालं.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर घडले. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी रीतसर नोंदली गेली. उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं आणि पंप असा माल वाढत गेला.

लक्ष्मणराव वारले २६ सप्टेंबर १९५६ रोजी. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, ऑगस्ट १९५६ मध्ये, भारतानं अमेरिकेशी पीएल ४८० चा पहिला करार केला होता. अमेरिकेचा जादा गहू आपल्याकडे रुपयांच्या बदल्यात येऊ लागला. १९६५-६६ च्या दुष्काळात या गव्हानं लाखो माणसं जगवली, हे नाकारता येत नाही. पण त्याच वेळी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी गहू महिन्या-महिन्याच्या हिशेबानं सोडायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच्या कणगीवर जगणं काय असतं ते देशाला कळलं. स्वस्त गहू आला की इथल्या धान्याला भाव कसा मिळणार, हा वाद तर आजही मिटलेला नाही.

मग परदेशी मदत वाईट आणि धंदा चांगला, असं म्हणायचं का? तसं म्हणू नका. १९७२ साली खडी फोडताना मिळालेली सुकडी आपल्या जिल्ह्यातली जुनी माणसं विसरलेली नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सास्तूर परिसरात जे घडलं, तेव्हा जागतिक बँकेचं कर्ज आणि देशोदेशीच्या संस्था धावून आल्या म्हणून घरं उभी राहिली. ढिगाऱ्याखाली माणूस असताना कोणी नांगर विकायला येत नाही. शिवाय लोखंडी नांगर ओढायला बैलांचा जोर लागे आणि विकत घ्यायला गाठीला पैसा लागे. ज्याच्याकडे दोन्ही नव्हतं, त्याच्या दारात हा धंदा पोचला नाही. तिथे सरकारच हवं.

मदत आणि धंदा यांची सांगड कशी बसते, ते पाहायला लांब जायला नको. दुष्काळी भागात युनिसेफच्या मदतीनं विंधन विहिरी घेतल्या गेल्या. त्यांवर बसवलेले सुरुवातीचे हातपंप परदेशातल्या एका कुटुंबाच्या वापराच्या बेताचे. आपल्याकडे अख्खं गाव दिवसभर दांडा हाणतं! साहजिकच पंप भराभर बंद पडले. १९७४ च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा बहुतेक पंप बंद सापडले. मात्र शेजारच्या सोलापुरात एका कार्यशाळेत बनलेला दणकट पंप टिकत होता. त्याच्याच आधारानं पुढे इंडिया मार्क टू हा पंप घडला आणि देशभर गेला. पैसा बाहेरचा असला तरी, अक्कल इथल्या मातीतली होती.

म्हणून मंडळी, ग्रामसभेत नवी योजना आली की कागदावरच्या रकमेवर भाळू नका. वस्तू बिघडली तर दुरुस्त कोण करणार, सुटा भाग तालुक्याला मिळतो का, आणि अनुदान बंद झालं तरी आपण ती पदरच्या पैशानं घेऊ का, एवढं आधी विचारा. कंपनीवाला आला तर त्यालाही सांगा, आधी आमच्या रानात चालवून दाखव. लक्ष्मणरावांनी ते केलं होतं. दोन वर्षं गिऱ्हाईक नसतानासुद्धा केलं होतं.