संत मार्क जी : व्यसन सुटले नाही, पण देवळाची वाटही सुटली नाही



दरवर्षी ९ जुलै रोजी ख्रिस्तसभा चीनमधील १२० रक्तसाक्ष्यांचे स्मरण करते. त्यांपैकी ८७ जण चिनी होते आणि ३३ जण परदेशातून आलेले मिशनरी. बिशप, धर्मगुरू, धर्मभगिनी, शेतकरी, म्हाताऱ्या आया आणि लहान मुले अशा सर्वांचा त्यांत समावेश आहे. त्यांच्यामध्ये एक अफूबाज डॉक्टरही आहे, हे मात्र आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. त्यांचे नाव संत मार्क जी तियानशियांग.

मार्क यांचा जन्म १८३४ साली उत्तर चीनमधील आजच्या हबेई प्रांतात एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. मोठे होऊन ते वैद्यकी करू लागले. गरीब रोग्यांकडून ते पैसे घेत नसत. संसार, मुलेबाळे, गावात मान, ख्रिस्ती मंडळीत आदर, सर्व काही होते.

मग त्यांना पोटाचे कठीण दुखणे जडले. त्या काळी अशा वेदनांवर अफू हे नेहमीचे औषध होते. मार्क यांनी स्वतःच स्वतःला ते दिले. अफूने दुखणे थांबते, पण काही दिवसांनी शरीर तिच्यावाचून राहीनासे होते. ती बंद केली की पोटात कळा येतात, जुलाब होतात, झोप उडते, जीव कासावीस होतो. आणि पुन्हा तिचाच आधार घ्यावा लागतो. औषध म्हणून घरात आलेली अफू अशा रीतीने डॉक्टरांचीच मालकीण झाली.

तेव्हा चीनमध्ये अफूचा सुळसुळाट होता. हा व्यापार चालू राहावा म्हणून इंग्रजांनी चीनशी युद्धे केली होती. आपल्या मुंबई बंदरातूनही माळव्याच्या अफूच्या पेट्या जहाजांत भरून चीनकडे जात असत, ही गोष्ट आपण विसरू नये. कित्येक चिनी घरे ह्या व्यसनापायी धुळीला मिळाली होती. त्यामुळे अफूबाज म्हटले की लोक तोंड फिरवीत.

मार्क यांनी आपले व्यसन लपविले नाही. ते पापनिवेदनाला जात, तेच पाप सांगत, काही दिवसांनी पुन्हा जात व पुन्हा तेच सांगत. अखेर त्यांच्या धर्मगुरूंनी ठरविले की, ह्या माणसाला खरा पश्चात्ताप झालेला नाही. व्यसन सुटेपर्यंत पापक्षमा नाही, असे त्यांनी मार्क यांना बजावले. पापक्षमा नाही म्हणजे ख्रिस्तशरीरही नाही. त्या धर्मगुरूंना आज दोष देण्याचे कारण नाही. व्यसन हा आजार आहे ही समज त्या काळी डॉक्टरांनाही पुरती आली नव्हती. सवयीच्या विळख्यामुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, असे आज ख्रिस्तसभेची धर्मशिकवण स्पष्टपणे सांगते.

पुढची सुमारे ३० वर्षे मार्क यांना पवित्र कम्युनियन मिळाले नाही. आपण क्षणभर त्यांच्या जागी उभे राहून पाहू या. सारी मंडळी वेदीकडे जात आहेत आणि गावचा डॉक्टर जागेवरच थांबला आहे. का थांबला आहे, हे प्रत्येकाला माहीत आहे. दुसरा कोणी असता तर रागाने किंवा लाजेने देवळाकडे फिरकला नसता. मार्क येत राहिले. ते प्रार्थना करीत राहिले, व्यसनाशी झुंजत राहिले, हरत राहिले आणि पुन्हा येत राहिले. रक्तसाक्षीचे मरण आले तरच आपल्याला स्वर्गाची आशा आहे असे त्यांना वाटे व त्यासाठी ते देवाजवळ विनंती करीत.

१९०० साली चीनमध्ये बॉक्सर बंड पेटले. परदेशी सत्तांविरुद्धचा राग चिनी ख्रिस्ती लोकांवर निघाला. मार्क यांना मुलगा, सुना व नातवंडांसह पकडण्यात आले. श्रद्धा नाकारली असती तर जीव वाचला असता. हा अफूबाज तर पहिल्या धमकीलाच ढेपाळेल, असे कोणालाही वाटले असते. परंतु ते ढळले नाहीत. घरच्यांपैकी कोणालाही एकट्याने मरावे लागू नये म्हणून आपल्याला सर्वांत शेवटी मारावे, अशी विनंती त्यांनी केली. एकेकाचा शिरच्छेद होत असताना ते पवित्र मरियेची लितानी गात उभे राहिले. तो दिवस होता ७ जुलै १९००.

१ ऑक्टोबर २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना इतर ११९ जणांसह संतपद बहाल केले. त्यांचे व्यसन अखेरपर्यंत सुटले नव्हते. तरीही ख्रिस्तसभेने त्यांना वेदीवर स्थान दिले.

बंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामातही दारूच्या व्यसनाशी झगडणारी माणसे आहेत. घरातील मंडळी ती गोष्ट झाकून ठेवतात, कारण लोक काय म्हणतील ही भीती असते. बाप पितो म्हणून मुलीच्या सोयरिकीत अडचण येते, आई खोटी कारणे सांगत राहते. मधुमेह झाला तर आपण उघडपणे औषध विचारतो. मग व्यसनासाठी डॉक्टर, समुपदेशक किंवा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची मदत घ्यायला लाज का वाटावी? मार्क यांना ह्यांपैकी काहीच उपलब्ध नव्हते. आपल्याला आहे.

आणि असा एखादा भाऊ रविवारी मागच्या बाकावर येऊन बसला, तर त्याच्याकडे वळून कुजबुज करू नये. त्याला सरकून जागा द्यावी. मिस्सा संपल्यावर त्याची विचारपूस करावी. तो कितव्यांदा पडला हे आपण मोजू नये. आजही तो आला आहे, एवढे आपल्याला पुरे.

संत मार्क जी, आम्हांसाठी विनंती कर.