बडोद्याच्या करारापासून कोलंबियाच्या पदवीपर्यंत

समाजशास्त्रात एम.ए. झालेली आमच्या चांदूर बाजार तालुक्यातली पोरं-पोरी हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. परदेशात पीएच.डी. करायची तर पैसा कोठून आणायचा? संत्र्याच्या बागेत तोडणीला जाणाऱ्या बापाच्या लेकराने असा अर्ज तरी करावा काय? उत्तर शोधताना आम्ही दरवेळी १९१३ सालात जाऊन पोहोचतो. घटनेचे शिल्पकार, महाडचा सत्याग्रह, नागपूरची दीक्षा, हे बाबासाहेब आपल्या घराघरांत आहेत. शिष्यवृत्ती मागणारा बावीस वर्षांचा तरुण मात्र आपल्या भाषणांत क्वचितच येतो.

भीमराव तेव्हा एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले होते. विषय इंग्रजी आणि फारसी. (फारसी का, हे आमच्या वाचकांना सांगायला नको!) २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी गेले. घरात रमाई, तान्हा यशवंत आणि मिळकत शून्य. अशा वेळी सयाजीराव गायकवाड काही विद्यार्थ्यांना अमेरिकेस पाठविणार असे कळले. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी महाराजांकडे आधीच शब्द टाकला होता, त्यातूनच बी.ए.साठी दरमहा २५ रुपये मिळत होते. आजच्या भाषेत ते शिफारसपत्रच म्हणायचे. काय शिकणार असे महाराजांनी विचारले, तेव्हा समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि विशेषतः सार्वजनिक वित्त असे उत्तर भीमरावांनी दिल्याचे चरित्रकार सांगतात. म्हणजे काय शिकायचे आणि कशासाठी, हे ठरवूनच ते दारात उभे होते.

४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, परतल्यावर संस्थानची दहा वर्षे नोकरी. जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले. त्याच पैशातून घरीही पाठवायचे, पुस्तकेही घ्यायची, म्हणून पोटाला चिमटा! कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ आणि मानववंशशास्त्राचे ४ अभ्यासक्रम घेतले. सेलिग्मन, ड्यूई, गिडिंग्ज, गोल्डनवायझर अशी तिथली गुरुमंडळी. १९१५ मध्ये एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझरांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्याच्या बंधनावर, आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही त्याच बंधनाची साधने आहेत, अशी त्याची मांडणी. भारतीय समाजशास्त्राचा पाया सांगताना हा निबंध वगळणाऱ्या प्राध्यापकांची आम्हाला कीव येते.

शिष्यवृत्ती संपली तेव्हा लंडनचे शिक्षण अर्धे होते. १९१७ मध्ये परतावे लागले. सामान ज्या जहाजावर होते ते पाणतीराने बुडाले. नुकसानभरपाई मिळाली, तिच्यातून बडोद्याचे भाडे निघाले. तिथे करार पाळायला गेलेल्या या विद्वानाला राहायला जागा मिळेना. कचेरीतला शिपाईही लांबून फायली टाकी. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने हाकलले आणि दहा वर्षांची नोकरी थोड्याच दिवसांत आटोपली. पुढे सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी, त्यातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज घेऊन १९२० मध्ये पुन्हा लंडन. १९२३ मध्ये डी.एस्सी. कोलंबियाची पीएच.डी. मात्र १९२७ मध्ये हाती आली, कारण प्रबंध छापून दिल्याशिवाय पदवी न देण्याचा तिथे नियम होता. १९२५ मध्ये छापलेले ते पुस्तक त्यांनी सयाजीरावांनाच अर्पण केले. बडोद्याने छळले खरे. पण शहर वेगळे आणि महाराज वेगळे, हे त्यांनी विसरू दिले नाही.

आता आजचे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमावलीत २०२२ साली भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. या नियमात जातींवरचा तो निबंध कुठे बसला असता? ज्यांच्या लेकरांसाठी ही योजना, त्यांनीच आपल्या समाजाचा अभ्यास करू नये, असा त्याचा सरळ अर्थ होतो. चळवळीने यावर जेवढे बोलायला हवे होते तेवढे बोलले गेले नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पण सरकारी दार हे एकच दार नव्हे. अमेरिकेतील बऱ्याच मोठ्या विद्यापीठांत समाजशास्त्राची पीएच.डी. विद्यापीठाच्याच खर्चाने होते. शुल्क माफ, वर साधारण पाच वर्षे विद्यावेतन, बदल्यात काही सत्रे शिकवण्यास साहाय्य. तिथे जातीवर संशोधन करायला मनाई नाही. अर्जाला आपला संशोधनविषय सांगणारे निवेदन, लेखनाचा एक नमुना आणि बहुधा तीन प्राध्यापकांची पत्रे लागतात. अर्जाची फी जड वाटली तर ती माफ करण्याची विनंती अनेक ठिकाणी करता येते. मुदत बहुतेक डिसेंबरात संपते. तेव्हा शिक्षकांना पत्रासाठी दिवाळीनंतर नव्हे, पोळ्याच्या आधीच भेटावे. निवेदनाचा कच्चा मसुदाही सोबत न्यावा.