चिंतामणराव देशमुख

सर चिंतामण द्वारकानाथ देशमुख (जन्म : नाते, १४ जानेवारी १८९६, मृत्यू : हैदराबाद, २ ऑक्टोबर १९८२) हे भारतीय प्रशासक व अर्थतज्ज्ञ, भारतीय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५० ते १९५६ या काळात भारताचे अर्थमंत्री होते. त्यांची पदवी अर्थशास्त्राची नव्हे, तर निसर्गविज्ञानाची होती. ते सी.डी. देशमुख या नावानेही ओळखले जातात.

बालपण आणि शिक्षण

देशमुखांचा जन्म रायगड किल्ल्याजवळ, महाड तालुक्यातील नाते या गावी झाला. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख वकील होते; आईचे नाव भागीरथीबाई. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. एल्फिन्स्टन महाविद्यालयात काही काळ शिकून १९१५ मध्ये ते इंग्लंडला गेले. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व भूगर्भशास्त्र हे विषय घेऊन त्यांनी १९१७ मध्ये पदवी मिळवली. वनस्पतिशास्त्रातील फ्रँक स्मार्ट पारितोषिकही त्यांना मिळाले. पुढच्याच वर्षी लंडनला झालेल्या आय.सी.एस. परीक्षेत ते पहिले आले.

मध्य प्रांतातील सेवा

भारतात परतल्यावर त्यांची नेमणूक मध्य प्रांत व वऱ्हाडात झाली. आजच्या गोंदिया जिल्ह्यातील सौंदड परिसर त्या वेळी याच प्रांताच्या भंडारा जिल्ह्यात मोडत असे. देशमुखांनी उपायुक्त व बंदोबस्त अधिकारी म्हणून रायपूर भागात काम केले. जमिनीची प्रत, पिके आणि कुळांचा खंड तपासून शेतसारा ठरवणे, हे बंदोबस्त अधिकाऱ्याचे काम असे. सारा जास्त बसला तर शेतकरी कर्जात बुडे, कमी बसला तर सरकारी उत्पन्न घटे. १९३१ मधील दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही त्यांनी काम केले. पुढे ते प्रांताचे महसूल सचिव व वित्त सचिव झाले.

रिझर्व्ह बँक

जुलै १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत संपर्क अधिकारी म्हणून आले. काही महिन्यांतच ते मध्यवर्ती मंडळाचे सचिव आणि डिसेंबर १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर झाले. गव्हर्नर जेम्स टेलर यांच्या निधनानंतर ११ ऑगस्ट १९४३ रोजी गव्हर्नरपद त्यांच्याकडे आले. १९४४ मध्ये ब्रेटन वुड्स परिषदेतील भारतीय शिष्टमंडळात ते होते. याच परिषदेतून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक उभ्या राहिल्या.

फाळणीनंतर ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँकच पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक होती. एकाच बँकेने दोन देशांचे चलन सांभाळण्याचा हा बिकट काळ देशमुखांच्या कारकिर्दीत पार पडला. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्याच वर्षी बँकिंग कंपनी कायदा अमलात आला. ३० जून १९४९ रोजी ते पदावरून निवृत्त झाले.

उद्योगांसाठी भांडवल

व्यापारी बँका ठेवींच्या पैशातून मुख्यतः अल्प मुदतीची कर्जे देत. कारखाना उभारण्यासाठी मात्र अनेक वर्षांत फेडायचे भांडवल लागे. ही उणीव भरून काढण्यासाठी १९४८ मध्ये भारतीय औद्योगिक वित्त महामंडळ स्थापन झाले. देशमुख अर्थमंत्री असताना १९५५ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने आय.सी.आय.सी.आय. ही संस्था सुरू झाली. त्याच वर्षी १ जुलै रोजी इम्पीरियल बँकेचे रूपांतर भारतीय स्टेट बँकेत झाले आणि ग्रामीण भागात शाखा उघडणे हे तिचे एक उद्दिष्ट ठरले. आयुर्विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण १९५६ मध्ये झाले.

राजीनामा

१९५२ मध्ये देशमुख कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. राज्य पुनर्रचनेत मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळे ठेवून केंद्रशासित करण्याचे ठरले, तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला आणि जुलै १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडले. मुंबईतील गोळीबाराच्या चौकशीची मागणीही त्यांनी लोकसभेत केली. मुंबईसह महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले.

उत्तरायुष्य

त्यानंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि १९६२ ते १९६७ या काळात दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी १९४५ ते १९६४ अशी एकोणीस वर्षे भूषवले. १९६९ मध्ये त्यांनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली. तीत ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले.

संस्कृतची आवड त्यांनी अखेरपर्यंत जपली. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठीत अनुवाद केला आणि स्वतः संस्कृत काव्यरचनाही केली. त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या पत्नी रोझिना यांच्या निधनानंतर १९५३ मध्ये त्यांचा विवाह समाजसेविका दुर्गाबाई यांच्याशी झाला. देशमुखांना १९५९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार आणि १९७५ मध्ये पद्मविभूषण हे सन्मान मिळाले.