आईवडिलांची शिकवण : कॉर्नेलिया सोराबजी

मुलांनो, जव्हारहून निघालेला रस्ता मोखाड्याचे घाट चढत त्र्यंबकेश्वरला जातो आणि तेथून नाशिकला पोहोचतो. आपल्या या दोन तालुक्यांतील कितीतरी माणसे बाजारहाटासाठी, दवाखान्यासाठी नाशिकला जातात. त्याच नाशिकमध्ये १५ नोव्हेंबर १८६६ रोजी एका मुलीचा जन्म झाला. पुढे ती भारतातील पहिली महिला वकील म्हणून ओळखली गेली. तिचे नाव कॉर्नेलिया सोराबजी. तिची गोष्ट समजून घ्यायची असेल, तर तिच्या आईवडिलांपासून सुरुवात करावी लागते.

कॉर्नेलियाचे वडील सोराबजी खरसेटजी हे जन्माने पारशी. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यामुळे घरचे लोक अतिशय संतापले. त्यांना एकदा उघड्या होडीत घालून समुद्रात सोडून देण्यात आले होते, अशी आठवण कॉर्नेलियाबाईंनी लिहून ठेवली आहे. एवढे सोसूनही सोराबजींनी आपल्या पारशी बांधवांविषयी मनात राग धरला नाही. उलट, पारशी पूर्वजांचा अभिमान बाळगावा, असेच त्यांनी आपल्या मुलांना शिकवले. नाशिकमध्ये राहून ते ख्रिस्ती मिशनचे काम करू लागले.

आई फ्रान्सिना यांचा जन्म हिंदू कुटुंबात झाला होता. लहानपणीच सर फ्रान्सिस फोर्ड आणि लेडी कॉर्नेलिया फोर्ड या इंग्रज दांपत्याने त्यांना दत्तक घेतले. त्या दत्तक आईच्या नावावरूनच फ्रान्सिनांनी आपल्या मुलीचे नाव कॉर्नेलिया ठेवले.

नाशिकनंतर हे कुटुंब काही वर्षे बेळगावला राहिले आणि मग पुण्यात स्थायिक झाले. पुण्यात फ्रान्सिनाबाईंनी आपल्या घरातच मूठभर मुलांना घेऊन शाळा सुरू केली. ती पुढे व्हिक्टोरिया हायस्कूल म्हणून नावारूपाला आली. त्या काळी हिंदू, मुसलमान, पारशी, इंग्रज अशी मुले एका बाकावर बसत नसत. मुलगे आणि मुली एकत्र शिकत नसत. फ्रान्सिनाबाईंच्या शाळेत मात्र सगळी एकत्र शिकत. ज्यांना इंग्रजी शाळा परवडत नव्हती किंवा नको होती, त्यांच्यासाठी त्यांनी निरनिराळ्या भाषांत शाळा काढल्या. एक मराठी, एक गुजराती आणि मुसलमान मुलांसाठी एक उर्दू. उर्दू माध्यमातून शिकणाऱ्या तुम्हां मुलांना ही गोष्ट ऐकून नक्कीच आनंद होईल. ज्याला ज्या भाषेत समजते, त्याला त्याच भाषेत शिकवावे, हा त्यामागचा साधा विचार होता.

या घरात धर्म केवळ प्रार्थनेपुरता नव्हता. दारात आलेल्या माणसाचे ऐकून घेणे, त्याला होईल तेवढी मदत करणे, हाही त्या घरी धर्माचाच भाग होता. कॉर्नेलिया लहान असताना गुजरातकडील एक श्रीमंत बाई फ्रान्सिनाबाईंकडे येत असे. ती परदानशीन होती. तिचा सारा कारभार एका पुरुष कारभाऱ्याच्या हाती होता. त्याने कागदपत्रांत फसवणूक करून तिची मालमत्ता बळकावली होती. बाई रडत होती, पण कोणत्या वकिलाकडे जाणार? परक्या पुरुषासमोर तिला जाता येत नव्हते आणि बाई वकील तर देशात एकही नव्हती. ती निघून गेल्यावर फ्रान्सिनाबाईंनी आपल्या छोट्या मुलीला तिचे दुःख समजावून सांगितले. अशा बायकांना मदत करायची असेल, तर मोठेपणी कायदा शीक, असा सल्लाही दिला. ही गोष्ट कॉर्नेलियाच्या मनात कायमची रुजली.

पण मुलीने शिकावे कसे? मुंबई विद्यापीठाची दारे तेव्हा मुलींना बंद होती. आपल्या मोठ्या मुलींना प्रवेश मिळावा म्हणून सोराबजींनी खटपट केली, तेव्हा नकार मिळाला. तरी ते थांबले नाहीत. अखेर विद्यापीठाने मुलींना परवानगी दिली आणि कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाली. सगळ्या मुलांत ती एकटीच मुलगी. काही मुले तिच्या तोंडावर वर्गाचे दार आपटून बंद करीत. तिने भांडण केले नाही, आणि वर्गही सोडला नाही. ती पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली आणि मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर ठरली. तिचे गुण इतके उत्तम होते, की इंग्लंडला शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती तिलाच मिळायला हवी होती. परंतु ती मुलगी आहे, एवढ्याच कारणाने शिष्यवृत्ती नाकारण्यात आली.

काही काळ कॉर्नेलियाबाईंनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात मुलांना इंग्रजी शिकवले. मग इंग्लंडमधील काही सहृदय लोकांनी वर्गणी जमवली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही त्यात मदत केली. १८८९ साली कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डला पोहोचल्या. तेथे कायद्याच्या बी. सी. एल. परीक्षेला आजवर एकही स्त्री बसली नव्हती. विद्यापीठाला खास ठराव करावा लागला, तेव्हा १८९२ मध्ये त्यांना ती परीक्षा देता आली. त्या उत्तीर्ण झाल्या. पण त्या काळी ऑक्सफर्ड विद्यापीठ स्त्रियांना पदवी देत नसे. परीक्षा दिली १८९२ मध्ये आणि पदवी हाती आली १९२२ मध्ये. मुलांनो, तीस वर्षे म्हणजे किती मोठा काळ, याचा विचार करा.

१८९४ मध्ये त्या मायदेशी परतल्या. त्याच वर्षी वडिलांचे निधन झाले. भारतात त्यांनी १८९७ साली मुंबईची एल्‌एल्‌. बी. आणि १८९९ साली अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली. तरीही स्त्रीला वकिलीची सनद मिळेना. तेव्हा त्यांनी वेगळी वाट शोधली. अल्पवयीन वारस आणि परद्यातील स्त्रिया यांच्या जमीनजुमल्यावर देखरेख करणारे कोर्ट ऑफ वॉर्ड्स नावाचे सरकारी खाते होते. या स्त्रियांशी बोलायला एखादी स्त्री सल्लागार असावी, असा आग्रह कॉर्नेलियाबाईंनी सरकारकडे सतत धरला. १९०४ साली बंगालमध्ये त्यांची त्या कामावर नेमणूक झाली.

या कामाचे महत्त्व काय होते, ते पाहा. त्या स्त्रियांना कायद्याने हक्क होते. आपल्या शरियतमध्येही मुलीला आणि विधवेला वारसाहक्काचा वाटा ठरवून दिलेला आहे. पण वाटा असणे वेगळे आणि तो हाती पडणे वेगळे. परद्याआडून कागद पुढे सरकवला जाई. त्यावर काय लिहिले आहे हे न कळताच बाई अंगठा उमटवी आणि तिची जमीन दुसऱ्याची होई. कॉर्नेलियाबाई स्त्री असल्यामुळे जनानखान्यात जाऊ शकत होत्या. त्या बायकांजवळ बसत, कागद वाचून दाखवत, मुलांच्या शिक्षणाची आणि औषधपाण्याचीही चौकशी करत. बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम या प्रांतांत त्या रेल्वेने, पालखीने, होडीने फिरल्या. सुमारे वीस वर्षांत ६०० च्या वर स्त्रिया आणि अनाथ मुलांना त्यांनी मदत केली. त्यांत हिंदू होत्या, तशा मुसलमानही होत्या.

१९२३ मध्ये कायदा बदलला आणि स्त्रियांना वकिली करण्याची मोकळीक मिळाली. तेव्हा वयाच्या सत्तावन्न-अठ्ठावन्नाव्या वर्षी, १९२४ साली, कॉर्नेलियाबाईंनी कलकत्त्यात वकिली सुरू केली. पुढे त्या लंडनला राहू लागल्या आणि ६ जुलै १९५४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे राजकीय विचार सर्वांना पटणारे नव्हते. इंग्रजी राज्य राहावे असे त्यांना वाटे आणि गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. मोठ्या माणसाचे प्रत्येक मत आपण स्वीकारलेच पाहिजे असे नाही. मात्र त्याने केलेल्या चांगल्या कामाची आठवण जरूर ठेवावी.

आईवडिलांचा ठसा एकट्या कॉर्नेलियावरच उमटला नव्हता. त्यांची बहीण सुसी यांनी आईच्या शाळांचे काम पुढे चालवले आणि पुण्यात सेंट हेलेनाज ही मुलींची शाळा काढली. दुसरी बहीण ॲलिस डॉक्टर झाली आणि दूर बन्नूला जाऊन तिने पठाण स्त्रियांवर उपचार केले. एक शाळेत, एक दवाखान्यात, एक कोर्टात. क्षेत्रे तीन, पण शिकवण एकच. आई १९१० साली वारली, तरी तिचे बोट जणू कोणी सोडले नव्हते. १९२४ मध्ये कॉर्नेलियाबाईंनी आईवडिलांचे चरित्र लिहिले, तेव्हा त्या स्वतः आजीच्या वयाच्या होत्या.

मुलांनो, वकील, अर्ज, दावा, हक्क, वारस, कायदा हे शब्द मराठीत आहेत आणि तुमच्या उर्दूतही आहेत. ते तुम्हांला दोन्ही भाषांत वाचता येतात, ही काही लहान शक्ती नव्हे. आपल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर आजही एखादी आजी सातबाराचा उतारा हातात धरून तो वाचून दाखवणाऱ्याची वाट पाहत असते. सोराबजी आणि फ्रान्सिना यांचा धर्म आपल्यापेक्षा वेगळा होता. पण ज्यावर श्रद्धा ठेवली तसेच ते वागले, आणि मुलांनी ते रोज डोळ्यांनी पाहिले. सांगितलेले मुले विसरतात, पण पाहिलेले विसरत नाहीत. म्हणून त्या आजीच्या हातातला कागद तुम्ही घ्या, तिला सावकाश वाचून दाखवा, आणि न समजता कोठेही अंगठा उमटवू नको, एवढे तिला आवर्जून सांगा.