भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी

भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (जन्म : २४ ऑक्टोबर १८६८, मृत्यू : १३ एप्रिल १९५१) हे औंध संस्थानचे अखेरचे अधिपती, चित्रकार, कीर्तनकार, लेखक आणि सूर्यनमस्काराचे प्रचारक होते. १९०९ ते १९४८ या काळात त्यांनी राज्यकारभार केला. ज्यांना वाचता येत नाही अशा प्रजेपर्यंत आणि शाळेतील मुलांपर्यंत ज्ञान पोहोचवण्यासाठी त्यांनी कीर्तन, चित्र आणि शरीराची शिस्त या साधनांचा उपयोग केला. १९३९ मध्ये त्यांनी प्रजेला स्वराज्याची घटना दिली. त्या घटनेत मतदानासाठी साक्षरतेची अट असल्यामुळे प्राथमिक शिक्षण हा औंधच्या राज्यव्यवस्थेचा पाया ठरला.

पार्श्वभूमी

प्रतिनिधी हे पद छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात निर्माण झाले. किन्हईचे परशुराम त्रिंबक यांच्यापासून ते भवानरावांच्या घराण्यात आले. औंधच्या डोंगरावरील यमाई ही या घराण्याची कुलदेवता होय. संस्थानात ७२ गावे होती आणि त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५०० चौरस मैल होते. हा प्रदेश सलग नव्हता. औंध आज सातारा जिल्ह्यात, आटपाडी व कुंडल सांगली जिल्ह्यात, तर गुणदाळ कर्नाटकात आहे. आटपाडीचा भाग माणदेशातील असून तो कमी पावसाचा आणि वारंवार दुष्काळ पडणारा आहे. संस्थानचे उत्पन्न मर्यादित होते आणि बहुसंख्य प्रजा शेतकरी व मेंढपाळ होती.

शिक्षण व राज्यारोहण

भवानरावांचे शालेय शिक्षण सातारा येथे झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले. त्यानंतर वडील श्रीनिवासराव यांच्या हाताखाली त्यांनी कारभाराचा अनुभव घेतला. ते धाकटे पुत्र असल्यामुळे गादी त्यांच्याकडे येईल असे चिन्ह नव्हते. १९०१ मध्ये वडिलांचे निधन झाल्यावर थोरले बंधू परशुरामराव गादीवर आले. त्यांच्यानंतर त्यांचे पुत्र गोपाळकृष्णराव यांना अधिकार मिळाला. गोपाळकृष्णरावांना ब्रिटिश सरकारने पदच्युत केले आणि ४ नोव्हेंबर १९०९ रोजी भवानराव अधिपती झाले.

कीर्तन

भवानराव स्वतः कीर्तन करीत असत. राजाने कमरेला उपरणे बांधून प्रजेपुढे कीर्तनास उभे राहणे ही गोष्ट त्या काळी दुर्मीळ होती. नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगात एखाद्या तत्त्वाचे निरूपण केले जाते आणि उत्तररंगात ते तत्त्व स्पष्ट करणारे आख्यान सांगितले जाते. आख्यान लांबले, त्यात पदे आली, विनोद आला, तरी श्रोत्याला आरंभी सांगितलेल्या तत्त्वाचा धागा धरून ठेवावा लागतो आणि शेवटी कथेचे सार मनाशी घेऊन उठावे लागते. निरक्षर समाजात ऐकलेल्यातून मुख्य ते निवडण्याचा अभ्यास शतकानुशतके या मार्गाने होत आला. मराठी प्राथमिक वर्गांत गोष्ट ऐकून तात्पर्य सांगणे आणि चित्र पाहून वर्णन करणे हे पाठ रूढ आहेत. भवानरावांनी लोकशिक्षणासाठी निवडलेली साधने याच जातीची होती.

चित्रकला

कीर्तनात जे कानांनी ऐकायचे, ते डोळ्यांनी पाहता यावे यासाठी भवानरावांनी कुंचला हाती घेतला. रामकथेतील प्रसंगांची त्यांनी काढलेली चित्रे ‘चित्ररामायण’ या नावाने १९१६ मध्ये प्रसिद्ध झाली. दीर्घ कथेचे चित्र काढताना प्रत्येक प्रसंगातील एकच क्षण निवडावा लागतो. तो क्षण असा हवा की आधी काय घडले आणि पुढे काय घडणार, हे पाहणाऱ्याला त्यावरून सांगता यावे. या अर्थाने चित्रमालिका हाही कथेचा एक सारांशच असतो.

अजिंठा व वेरूळ येथील लेण्यांचा त्यांनी प्रत्यक्ष पाहणी करून अभ्यास केला. वेरूळवरील त्यांचे पुस्तक १९२९ मध्ये आणि अजिंठ्यावरील पुस्तक १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले. चित्रकार व वेदाभ्यासक श्रीपाद दामोदर सातवळेकर यांना त्यांनी औंध येथे आश्रय दिला. सातवळेकरांचे स्वाध्याय मंडळ तेथे सुमारे तीन दशके कार्यरत होते.

१९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर श्री भवानी चित्रसंग्रहालयाची इमारत उभी राहिली. राजा रविवर्मा यांची चित्रे, लघुचित्रे, पाश्चात्त्य शिल्पांच्या प्रतिकृती आणि हेन्री मूर यांचे माता व बालक हे शिल्प त्यात आहे. मुंबई-पुण्यापासून दूर असलेल्या एका खेड्यात जगातील कला सामान्य माणसाला पाहता यावी, हे या संग्रहालयाचे वैशिष्ट्य होय.

महाभारताची चिकित्सक आवृत्ती

महाभारताची सचित्र आणि पाठशुद्ध आवृत्ती निघावी ही सूचना भवानरावांनी १९१८ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेपुढे मांडली आणि त्यासाठी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. १९१९ मध्ये या कार्याचा आरंभ झाला. विष्णु सीताराम सुखठणकर यांनी १९२५ मध्ये संपादनाची सूत्रे हाती घेतली. आवृत्तीतील चित्रांची जबाबदारी भवानरावांकडे होती. रविवर्म्यांच्या प्रभावामुळे पुराणकथांतील स्त्रिया नऊवारी साडीत दाखवण्याची प्रथा रूढ झाली होती. भवानरावांनी मात्र प्राचीन नमुन्यांचा आधार घेतला. शब्दाला जसा हस्तलिखिताचा पुरावा हवा, तसा चित्रातील वेशभूषेलाही प्राचीन कलाकृतींचा आधार हवा, हा विचार त्यामागे दिसतो. आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. ती पाहण्यास भवानराव हयात नव्हते.

सूर्यनमस्कार व शाळा

प्रारंभी भवानराव युजीन सँडो यांच्या पद्धतीने व्यायाम करीत. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सूचनेवरून ते सूर्यनमस्काराकडे वळले. त्यांनी नमस्काराच्या अवस्था क्रमाने मांडल्या, त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध केली आणि संस्थानच्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले. मोठ्या वर्गाला एकाच वेळी शिकवता येईल अशी ही रचना होती. शिक्षकाची आज्ञा ऐकायची, त्याची कृती पाहायची आणि ती स्वतः करायची, एवढेच विद्यार्थ्याला करावे लागे. १९३८ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेल्या पुस्तकामुळे ही पद्धत परदेशातही माहीत झाली. सक्तीच्या व्यायामाला धार्मिक रूप असावे की नाही, यावर मात्र मतभेद होते.

संस्थानातील प्राथमिक शाळेचे चित्र व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीत आढळते. मेंढपाळांच्या वाडीवर नेमलेला तरुण मास्तर, मुलांना शाळेत आणण्यासाठी त्याला करावी लागणारी खटपट आणि तालमीच्या उद्घाटनास आलेले औंधचे राजे हे प्रसंग त्यात आहेत. माडगूळकर बंधू याच संस्थानातील माडगूळ्याचे. ‘गीतरामायण’कार ग. दि. माडगूळकर यांचे शिक्षणही संस्थानच्या शाळांत झाले.

औंधची राज्यघटना

१९३८ च्या अखेरीस भवानरावांनी प्रजेला पूर्ण जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडमध्ये जन्मलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांनी महात्मा गांधी यांच्या मार्गदर्शनाखाली आराखडा तयार केला. २१ जानेवारी १९३९ रोजी घटना अमलात आली. गावपंचायत हा तिचा मूळ घटक होता. पंचायतींतून तालुका समित्या आणि त्यांतून संस्थानची विधानसभा अशी चढती रचना होती. महसुलाचा मोठा वाटा तालुक्यांच्या हाती देण्यात आला.

प्राथमिक शिक्षण मोफत देणे हे राज्याचे कर्तव्य ठरले आणि गांधीजींच्या आग्रहावरून मताधिकाराला साक्षरतेची अट जोडली गेली. या अटीचे परिणाम दुहेरी होते. तिच्यामुळे प्रौढांना शिकवण्याची निकड राज्यावर आली. दुसरीकडे, कीर्तन ऐकून आणि चित्रे पाहून शहाणपण मिळवलेला, पण अक्षर न शिकलेला शेतकरी मतदानापासून वंचित राहण्याचा धोका निर्माण झाला. भवानरावांनी जोपासलेल्या श्रवण व दर्शन या मार्गांना आता वाचनाची जोड देणे अपरिहार्य झाले. निरक्षरांनाही मताधिकार देणाऱ्या १९५० च्या भारतीय संविधानाने पुढे या प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले.

याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही बंदिवानांची मुक्त वसाहत स्थापन झाली. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटाची प्रेरणा तिच्यात आहे.

उत्तरायुष्य

१९३५ मध्ये इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे भवानराव अध्यक्ष होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना कारखान्यासाठी कुंडल रोड स्थानकाजवळ त्यांनी दिलेल्या जमिनीवर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. ८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि घटनेचा प्रयोग नऊ वर्षांतच थांबला. १३ एप्रिल १९५१ रोजी भवानरावांचे निधन झाले.

वारसा

औंधचे संग्रहालय, महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतील चित्रे आणि शाळाशाळांतून घातले जाणारे सूर्यनमस्कार यांतून भवानरावांचे कार्य टिकून आहे. ग्रामस्वराज्याच्या अभ्यासात औंधच्या घटनेचा उल्लेख नेहमी केला जातो. शिक्षणाच्या दृष्टीने पाहता, ऐकण्याला आणि पाहण्याला वाचनाइतकेच गांभीर्याने घेणारा राज्यकर्ता म्हणून त्यांचे स्थान वेगळे आहे.